पाचचा भोंगा

यंग्सटाउन, ओहायो
शनिवार, १६ नोव्हेंबर २०१९

प्रिय लेनी मामा,

तू बरा असशील. टूसानला अजून ऊन असेल. इथे पहिला बर्फ पडून गेला आणि मागे नुसता चिखल राहिला आहे. फोन तू उचलत नाहीस. कंपनीच्या संगणकावरून तुला काही लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे, म्हणून कागद. कुरियरवाल्याने तुझी सही घेतली असेल. पत्र मिळालंच नाही असं तुला म्हणता येणार नाही.

आधी काय घडलं ते लिहिते.

१. शुक्रवार, ८ नोव्हेंबरला संध्याकाळी पाच वाजता आपल्या रेडिओ स्टेशनवर, १०४.९ वर, पोलादाच्या मिलचा भोंगा वाजला.
२. तो तू रेकॉर्ड केलेला भोंगा होता.
३. पूर्ण नव्हता. एक तुकडा कापून तो तीनदा जोडला होता. तीन आखूड भोंगे, आणि लगेच गाद्यांच्या दुकानाची जाहिरात.
४. आमच्या इमारतीत कोणी काही दाबलं नाही. सगळं डेन्व्हरच्या मुख्य ऑफिसातून परस्पर येतं.
५. त्यानंतर स्टेशनचे सगळे फोन एकदम वाजायला लागले.
६. आजीबद्दल खाली लिहिते.

तीन क्रमांकाची ओळ तू पुन्हा एकदा वाच.

तू गेल्यावर इथे काय काय झालं ते तुला कोणी कळवलं आहे का, मला माहीत नाही. मागच्या वर्षी सप्टेंबरात एका सोमवारी तुझं कार्ड दाराला चाललं नाही आणि तुझं सामान खोक्यात भरून गाडीतळावर ठेवलेलं होतं, एवढं तुला माहीत आहे. निरोपाचा कार्यक्रम कोणालाच देत नाहीत. काढलेला माणूस चालू माइकवर काय बोलेल याची त्यांना भीती असते. तीस वर्षं ‘फर्नेस’ या नावाने रॉक संगीत लावलेल्या स्टेशनवर त्यांनी तीन दिवस फक्त घड्याळाची टिकटिक लावली. लोकांनी कुतूहलाने ऐकत राहावं, अशी ती युक्ती होती. एका माणसाने पोलिसांना फोन करून सांगितलं की रेडिओत बॉम्ब आहे. फेंटन ही गोष्ट अजून पाहुण्यांना हसत हसत सांगतो. फेंटन म्हणजे तुझ्यानंतर आलेला व्यवस्थापक. यंग्सटाउनमध्ये राहत नाही, क्लीव्हलंडहून येऊन-जाऊन असतो.

टिकटिक संपल्यावर स्टेशनचं नाव बदलून आम्ही ‘पोर्च’ झालो. मऊ गाणी, दाताच्या दवाखान्यात लावतात तशी. सहा महिन्यांत ‘पोर्च’ गेला आणि ‘वॉल्ट’ आला. वॉल्ट नावाचा एक माणूस आहे आणि त्याला वाटेल ते तो लावतो, अशी कल्पना. असा माणूस कुठेच नाही. कोणीतरी एका दिवसात त्याचे चारशे विनोद रेकॉर्ड करून ठेवले होते आणि संगणक ते पाळीपाळीने सोडत होता. बाहेर वादळ, झाडं तारांवर पडलेली, अर्धं शहर अंधारात, आणि वॉल्ट सांगतोय की तो अंगणात मांस भाजत बसलाय. ऑक्टोबरात वॉल्टला घालवून नाताळची गाणी लावली. ऑक्टोबरात, मामा. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आम्ही पुन्हा ‘फर्नेस’ झालो.

हे मी समजावून सांगायला नको, तरी सांगते. ते रॉक परत आणत नाहीयेत. कुठल्यातरी हॉटेलात लोकांना बसवून गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि बटणं दाबायला लावली. त्यातून तीनशे गाणी निघाली. तीच तीनशे, तीच फिरत राहतात. निवेदक एकही नाही. त्याच हॉटेलात जुन्या आवाजांचेही तुकडे ऐकवले होते आणि त्यात भोंगा सगळ्यात वर आला. म्हणून भोंगा. उद्या कुत्र्याचं भुंकणं वर आलं असतं तर कुत्रा लावला असता.

टॉवर तोच आहे. वरचा लाल दिवा तोच, खालच्या खोलीतले उंदीर तेच, दाराच्या बिजागरीला तेल घालणारी मीच. खालून जे येतं ते मी वर पोचवते. मला या कामाची पूर्वी लाज वाटत नव्हती. आता टॉवरवरून उतरल्यावर मी हात दोनदा धुते. मला फ्यूज म्हणणारं आता त्या इमारतीत कोणी उरलं नाही. नऊ वर्षांची असताना मी स्टुडिओतला फ्यूज बदलला होता हे तिथे कोणाला माहीत नाही, आणि मी सांगत नाही.

आता मिलबद्दल. मी मिल चालू असलेली पाहिली नाही. तुझ्याकडून आणि आजीकडून ऐकलं तेच लिहिते, चुकत असेन तर सांग. तीन आखूड भोंगे म्हणजे आत माणूस जखमी झाला. ते ऐकले की बायका हातातलं काम टाकून दोन नंबरच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या. मग एक लांब भोंगा व्हायचा. लांब म्हणजे माणूस बाहेर काढला. त्यानंतर हजेरीचा कारकून फाटकाशी येऊन नाव सांगायचा. एक बाई रुग्णवाहिकेत चढायची आणि बाकीच्या घरी जायच्या. तू सात वर्षांचा असताना आजीच्या कोटाला धरून तिथे उभा होतास. त्या दिवशी नाव पाल्को होतं. हे तूच मला सांगितलंस, दारू न पिता.

आणि मिलच्या शेवटच्या पाळीला तू तुझा स्वतःचा टेपरेकॉर्डर घेऊन त्याच फाटकाशी उभा राहिलास. तेव्हा तू स्टेशनवर नोकरीलाही नव्हतास. भोंगेवाल्याने शेवटचा भोंगा लांब वाजवला, आजवर वाजवला नव्हता इतका लांब. सगळे बाहेर आले, याचा. तो तू दर शुक्रवारी पाच वाजता लावायचास आणि एवढंच म्हणायचास, ‘सगळे बाहेर. चला घरी.’ आणि मग गिटार. मला कळायला लागल्यापासून या गावात शुक्रवार तसा संपत होता. न्हाव्याची कात्री थांबायची. बारवाला पहिला ग्लास त्यानंतरच भरायचा. लहानपणी मला वाटायचं की भोंगा वाजवल्याशिवाय शनिवार येतच नाही.

डेन्व्हरला यातलं काही माहीत नाही. लांब भोंगा ऐकताना माणूस कंटाळतो, असं तिथल्या कोणीतरी ठरवलं. स्टेशनचं जुनं सगळं टिकटिकीच्या वेळीच पुसून झालं होतं. एका जुन्या जाहिरातीत भोंग्याचा तुकडा शिल्लक होता, तो घेतला आणि ठेका यावा म्हणून तीनदा लावला. बाराशे मैलांवर एका माणसाने हेडफोन लावून ते ऐकलं आणि त्याला ते छान वाटलं.

त्या शुक्रवारी मी टॉवरच्या खोलीत होते. योलांडा स्वागतकक्षात होती. तिला अजून काढलेलं नाही, कारण दार उघडायला माणूस लागतं. तिने पहिला फोन घेतला तेव्हा पलीकडे एक म्हातारी विचारत होती, जखमी कोण आहे म्हणून. योलांडा म्हणाली, काकू, मिल बंद होऊन पस्तीस वर्षं झाली. म्हातारी म्हणाली, “मला शिकवू नकोस पोरी. कोण आहे तेवढं सांग.” मग दुसरी लाइन, तिसरी, सगळ्या. कोणी रागावलेलं नव्हतं, असं योलांडा म्हणते. सगळे हळू आवाजात विचारत होते. तिचे वडीलही मिलमध्येच होते. थोड्या वेळाने तिने उत्तरं द्यायचं बंद केलं आणि मला फोन लावला. मिसेस पाल्कोंच्या मुलीचा फोन आला होता की आई घरात नाही. योलांडा एवढंच म्हणाली, “तुझी आजी कुठे आहे बघ.”

शुक्रवार होता, म्हणजे आजी सकाळपासून चर्चच्या तळघरात बटाट्याचं सारण घालून पिरोगी भरून आलेली. घराचं दार उघडं होतं. उरलेलं पीठ ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेलं, दिवा चालू, कोट खुंटीवर नाही. मी सरळ दोन नंबरच्या फाटकाकडे गाडी घेतली.

फाटक तिथे नाही, ते तू जाण्याआधीच गेलं होतं. आता तिथे भाड्याने द्यायच्या पत्र्याच्या खोल्या आहेत आणि पुढे जाळीचं कुंपण. कुंपणाशी ते सगळे उभे होते. बहुतेक बायका, तीन म्हातारे. अॅप्रनवर कोट चढवलेले. पाऊस आणि बर्फ मिसळून पडत होता. कोणी कोणाशी फारसं बोलत नव्हतं. आजी मिसेस पाल्कोंचा हात धरून उभी होती आणि तिच्या मनगटापर्यंत पीठ होतं.

मी तिला गाडीत बस म्हटलं.

“मिल नाही हे मला ठाऊक आहे, टेरेसा,” ती म्हणाली. “मला वेड लागलेलं नाही.”

“मग चल ना.”

“लांब वाजल्याशिवाय कशी येऊ?”

मी म्हणाले की ती एक चूक होती, एका कंपनीची, रेडिओची. तिने मान हलवली. तिला ते कळलं होतं. ती म्हणाली, तीन ऐकल्यावर घरात बसवत नाही, एवढंच. आणि मी एकटी नाही, बघ.

मला त्या वेळी जे सुचलं ते मी केलं. गाडीत जाऊन हॉर्न दाबून धरला, जितका वेळ धरवला तितका. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्यातला गस नावाचा म्हातारा, जो पूर्वी रुळांवर काम करायचा, काचेशी आला आणि म्हणाला, “पुरे, बाई. बॅटरी उतरेल.” मग तो परत कुंपणाशी गेला, टोपी काढली आणि मोठ्याने म्हणाला, “आज कोणाचं नाव नाही. जा घरी.” त्यावर ते हळूहळू पांगले. मिसेस पाल्को सगळ्यात शेवटी हलल्या. जाताना माझ्याजवळ थांबून त्या म्हणाल्या, “लेनी असता तर त्याने हे होऊ दिलं नसतं.” मी हो म्हणाले. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

सोमवारी फेंटनने बैठक घेतली. चौदा महिन्यांत इतके फोन आले नव्हते, असं तो म्हणाला. भिंतीवर आलेख लावला होता. मी सांगितलं की लोक कोण जखमी झालं ते विचारत होते.

“म्हणजे लोक ऐकतायत ना,” तो म्हणाला. “मनाला भिडलं त्यांच्या.”

योलांडा त्याला म्हणाली, पुढच्या शुक्रवारी अग्निशमन दलाची घंटा लावा, आणखी भिडेल. त्याने ते लिहून घेतलं. मी खोटं सांगत नाही, वहीत लिहून घेतलं.

या महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवसापासून हे चौदा शहरांत सुरू व्हायचं आहे. सगळीकडे ‘फर्नेस’, सगळीकडे पाचचा भोंगा, आणि प्रत्येक शहराला सांगायचं की हा तुमच्याच गावच्या कारखान्याचा. त्यातलं एक शहर फ्लोरिडात समुद्रकाठी आहे. तिथे आयुष्यात कधी भट्टी पेटली नाही. तिथे तो बंदराचा भोंगा म्हणायचा, असं ठरलं आहे. हे ऐकून मी उठून बाहेर गेले आणि थंड हवेत उभी राहिले.

आता इथून पुढचं मी आतापर्यंत टाळलं.

बैठकीनंतर मी फेंटनला विचारलं, कोणाला विचारून कापलंत? रेकॉर्डिंग कंपनीचं नाही, लेनी हुडाकचं आहे. त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. तुझा संदेश होता, ३० ऑक्टोबरचा. तू लिहिलं होतंस: ‘झकास. हवं तसं कापा. कागद पाठवा.’ त्याच्या खाली त्यांचा प्रस्तावही होता. चौदाही शहरांत तुझा आवाज. घरात बसून रोज थोडं बोलायचं, आणि प्रत्येक गावाचं नाव वेगळं घ्यायचं. वॉल्टच्या जागी तू. फेंटन म्हणाला, “तुझ्या मामाला परत माइक मिळतोय. तुला आनंद व्हायला हवा.”

मी तुझा संदेश दोनदा वाचला. मग जाऊन ट्रान्समीटरचे आकडे तपासले, कारण ती वेळ आकडे तपासायची होती.

तुला माइक परत हवा असणं मला कळतं. तू गोल्फच्या मैदानावर लोकांना गाड्या काढून देतोस हे मला आईने सांगितलं. तीस वर्षं बोलत आलेला माणूस गप्प बसला की त्याचं काय होतं ते मी समजू शकते. पण ‘हवं तसं’ हे शब्द मला गिळता येत नाहीत. पाल्को हे नाव ऐकताना तू त्या फाटकाशी होतास. तीन म्हणजे काय ते डेन्व्हरच्या माणसाला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

सहावा मुद्दा. आजीला रविवारी ताप आला. सोमवारी संध्याकाळी तिला दवाखान्यात नेलं. फुप्फुसांना सूज आहे. नळीने प्राणवायू देतात. डॉक्टर या वयात वाट बघायला सांगतात. ती शुद्धीवर आहे, थोडं थोडं बोलते. मी तुला त्याच रात्री कळवायला हवं होतं असं तू म्हणशील. मी आठ वेळा फोन केला.

ती दोन गोष्टी विचारते. पहिली, लांब वाजला का. तिला कळतं की ती रेडिओबद्दल विचारतेय, मिलबद्दल नाही. तरी विचारते. दुसरी, लेनीला माहीत आहे का त्यांनी काय केलं. मी म्हणाले, नाही, त्याला माहीत नाही. ती म्हणाली, मग सांगू नकोस त्याला, वाईट वाटेल त्याला.

मी तिला खोटं सांगितलं की खरं, हे मला ठाऊक नाही. ते फक्त तू सांगू शकतोस.

काल पुन्हा शुक्रवार होता. मी पाचला टॉवरच्या खोलीत उभी राहिले आणि भोंग्यापुरतं प्रक्षेपण बंद केलं. गावात सहा सेकंद शांतता गेली. मग मी चालू केलं आणि गाद्या आल्या. फेंटनने मला लेखी ताकीद दिली आहे. पुढच्या शुक्रवारी तेच केलं तर नोकरी जाईल. नोकरीची मला पर्वा नाही, तारा जोडणारं माणूस कुठेही लागतं. पण मी गेले की त्याच्या पुढच्या शुक्रवारी कोणती कळ कधी खाली ओढायची ते त्या इमारतीत कोणाला कळणार नाही. आणि मिसेस पाल्को पुन्हा कोट चढवतील.

तुझे कागद सही होऊन अजून आलेले नाहीत, हे मी विचारून घेतलं आहे. म्हणजे भोंगा अजून तुझा आहे. तू हाताने लिहिलेल्या दोन ओळी, की हे रेकॉर्डिंग वापरायला माझी परवानगी नाही, एवढ्या आल्या तर त्यांना तो काढावा लागेल. इथेही आणि बाकीच्या तेरा ठिकाणीही. तुझा माइक त्याबरोबर जाईल. मी ते लपवत नाही.

तुला सही करायची असेल तर कर. मी समजूत घालणार नाही, मला ते जमत नाही. मग तसं मला स्पष्ट लिही, म्हणजे आजीला काय सांगायचं ते मला ठरवता येईल.

आणि एका प्रश्नाचं उत्तर मला दोन्ही बाबतींत हवं आहे. कापलेला तुकडा त्यांनी तुला आधी ऐकवला होता का? तू ते तीन ऐकले होतेस का?

लांब भोंगा आता फक्त तुझ्या रिळावर आहे. स्टेशनवर रीळ वाजवायचं जुनं यंत्र मी झाकून ठेवलं आहे, त्याचं टेपचं हेड साफ केलं आहे, चालतं. दवाखान्यातही चालेल. रीळ कुरियरने पाठवू नकोस. इतकी जुनी टेप असल्या प्रवासात टिकत नाही. ती कोणीतरी मांडीवर धरून आणावी लागते.

गुरुवार, २१ नोव्हेंबरला दुपारपर्यंत मला उत्तर दे.

फ्यूज